हिरवं पान, काळा पाईप

पिशवीवर हिरवं पान छापलेलं दिसलं की माझं डोकं फिरतं. झाडाला पान फुटावं हे ठीक, प्लास्टिकला कसलं पान फुटतंय? पण लोकांना आवडतं. पान बघतात, त्याखालचं 'निसर्गमित्र' वाचतात आणि पाप फिटल्यासारखी पिशवी हलवत घरी जातात. माझी बायको रईसा म्हणते, इतकं चिडू नका, बीपी वाढतं. वाढू दे. ज्यांच्यावर चिडायचं त्यांच्यातला एक मी स्वतः आहे आणि त्यावर कुठल्या डॉक्टरकडं गोळी नाही.

मी अकरम. लातूरला औसा रोडच्या मागच्या अंगाला माझी पत्र्याची शेड आहे. घरोघरचं वापरलेलं प्लास्टिक मी घेतो, निवडतो, धुतो, वितळवून त्याचा काळा दाणा करतो आणि त्या दाण्याचा शेतात लागतो तसला पाईप ओढतो. लोक भंगारवाला म्हणतात. म्हणेनात का. गावाचा कचरा गावाच्या कामाला लावतो, एवढं मला कळतं.

हा धंदा आम्हाला भूकंपानं दिला, हे सांगताना आजही जीभ अडखळते. माझे अब्बा करीमभाई भांड्यांना कल्हई करायचे. त्र्याण्णव साली किल्लारीकडची गावं पडली आणि चहूकडून मदत आली. ताडपत्र्या आल्या, बादल्या आल्या, प्लास्टिकचे मग आले. दोन पावसाळ्यांत त्या ताडपत्र्या फाटल्या आणि बाभळींवर चिंध्या लोंबायला लागल्या. अब्बा सायकलवर भांडी आणायला जायचे, ते येताना चिंध्यांची मोटळी बांधून आणायला लागले. हैदराबादचा एक जण ती घ्यायचा. दुसऱ्याच्या पडक्या घरावर आपली चूल पेटली, असं अब्बा मरेपर्यंत म्हणायचे. म्हणून त्यांनी मला एकच गोष्ट शिकवली, की माल खोटा द्यायचा नाही.

पुढं लातूरला क्लासचं पीक आलं. उदगीरपासून किनवटपर्यंतची पोरं डॉक्टर व्हायला इथं येऊन पडली. एकेका गल्लीत चार वसतिगृहं आणि सहा मेस. एवढ्या पोरांना चहा लागतो, चहाला दूध लागतं आणि दुधाच्या पिशव्या माझ्याकडं यायला लागल्या.

त्यात सगळ्यांत चांगली गोणी अमरनाथची. अमरनाथ माझा शाळेपासूनचा दोस्त. पक्का लिंगायत, इष्टलिंगाची पूजा झाल्याशिवाय पाण्याला शिवत नाही, आणि तीच शिस्त त्याच्या मेसमध्ये. त्याच्याकडं दुधाची पिशवी कापताना कोपरा तोडायची सोय नाही. कोपरा लटकता ठेवायचा, नाहीतर तो बोटाएवढा तुकडा गटारीत जातो. मग पिशवी उलटी करायची, धुवायची, गच्चीवरच्या दोरीला चिमटा लावून वाळवायची आणि घडी घालून गोणीत भरायची. बाकीच्यांच्या गोणीतून सडक्या दुधाचा वास यायचा. अमरनाथची गोणी म्हणजे लग्नात आहेर म्हणून द्यावी अशी.

शेडमध्ये माल बघायचं काम रईसाचं. गोणीतून चार तुकडे उपसायचे, एकेकाला काडी लावायची आणि विझवून वास घ्यायचा. मेणबत्ती विझवल्यासारखा वास आला की ते पाईपाच्या कामाचं. नाकाला झोंबला की बाजूला. तिचं नाक मशीनपेक्षा पक्कं आहे. पण अमरनाथच्या गोणीला आम्ही वीस वर्षांत कधी काडी लावली नाही. जेवायला बोलावलेल्या माणसानं ताटातला भात हुंगून बघावा, तसं वाटायचं ते.

अठरा साली प्लास्टिकबंदी आली. महापालिकेची माणसं दुकानादुकानातून पिशव्या उचलायला लागली. क्लासवाल्यांनी ठरवलं की आपल्या वसतिगृहांत आणि मेसमध्ये फक्त विघटनशील पिशव्या वापरायच्या. पुण्याहून एक गळ्यात टाय बांधलेला एजंट आला. त्यानं मेसवाल्यांना चहा पाजला आणि सांगितलं की ही पिशवी सहा महिन्यांत मातीत मिसळते, जनावरानं खाल्ली तरी पचते. पचते म्हणे! स्वतः एक खाऊन दाखव म्हणावं. पण अमरनाथ भोळा. त्यानं भाजीला, पिठाला, डब्याला, सगळीकडं हिरव्या पानाची पिशवी सुरू केली. पोळ्या वाढताना पोरांना सांगायचा, "बाळांनो, आपल्या मेसनं वसुंधरेचं व्रत घेतलंय."

आणि मग त्यानं जे केलं ते त्याच्यासारखाच माणूस करू जाणे. एवढी चांगली पिशवी फेकायची कशी? त्यानं त्याही धुतल्या, वाळवल्या, घड्या घातल्या आणि दुधाच्या पिशव्यांबरोबर माझ्या गोणीत भरल्या.

रईसानं पहिल्याच दिवशी त्या बघितल्या. अमरनाथच्या गोणीला वीस वर्षांत पहिल्यांदा तिनं काडी लावली.

"वास तर आपलाच हाय," ती म्हणाली. "मेणबत्तीचा. पन अजी, यावर तर लिव्हलंय की ही विरघळती. विरघळणारी चीज पाईपात कशाला घालायची?"

मी हसलो. "अगे, लिहिणाऱ्याचं काय जातंय? नुसतं पान छापलंय. आत आपलं जुनंच प्लास्टिक हाय. तुझं नाक काय म्हणतंय?"

"नाक म्हणतंय घ्या."

"मग घे की."

"नाक म्हणतंय घ्या. मी न्हाई म्हणत."

मी ऐकलं नाही. मला वाटलं, मी शहाणा. सगळं गाव पानाला भुललं आणि एकटा अकरम भुलला नाही. ते लिहिलेलं सगळंच खोटं, असं मी धरून चाललो. ते निम्मंच खोटं होतं, आणि उरलेल्या निम्म्यानं माझा घात केला.

त्या पावसाळ्यानंतर किनवटच्या जंगलातल्या एका आश्रमशाळेतून मला मागणी आली. तिथल्या मुलींच्या वसतिगृहाच्या अधीक्षिका रुद्राणीताई मूळच्या उदगीरच्या. त्यांच्या माहेरच्या शेतात माझा पाईप बारा वर्षं ऊनपाऊस खात पडला होता, म्हणून त्यांनी मला शोधून काढलं. ओढ्याकाठच्या विहिरीपासून वसतिगृहाच्या टाकीपर्यंत पाऊण कोस पाईप हवा होता. जंगलखात्याची जमीन, खोदायची परवानगी नाही, म्हणून सगळा वरूनच टाकायचा. दिवाळीच्या आधी मी स्वतः जाऊन टाकून आलो. टाकीत पाणी पडलं तेव्हा दीडशे पोरींनी एकदम गलका केला. मी रुद्राणीताईंना म्हणालो, "ताई, पाच वर्षं याच्याकडं बघायचं कारण न्हाई."

पाईप अंथरताना सबंध दोन दिवस माझ्याबरोबर राबला तो मारोती. आश्रमशाळेतला रोजंदारीवरचा कामाठी, म्हणजे पाणी, झाडलोट, हमाली सगळं करणारा माणूस. पन्नाशीचा, काटक, कमी बोलणारा. कुठं दगड टोचेल, कुठं रानडुकरं उकरतील, सगळं त्याला ठाऊक. नऊ वर्षं तो त्या पोरींना पाणी पाजत होता. माझ्या पाईपाआधी बैलगाडीवर टाकी ठेवून आणायचा.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात रुद्राणीताईंचा फोन आला. आवाज कोरडा होता. "अकरमभाई, पाईप संपला. पोरी परीक्षा देऊन आल्या की हंडे घेऊन ओढ्यावर जातात. तुम्ही येऊन बघा."

संपला म्हणजे काय? माझा पाईप संपतो? मी रात्रभर कुशीवर वळत होतो आणि सकाळी सहाला नांदेडची गाडी पकडली. नांदेड, भोकर, हिमायतनगर करत किनवटला पोचेपर्यंत डोक्यात एकच चक्र चालू होतं, की कुणीतरी माझं नाव बुडवतंय.

शाळेत पोचलो तेव्हा दुपारचं ऊन तापलेलं. दहा-बारा वर्षांच्या पोरी डोक्यावर कळशा घेऊन रांगेनं चढण चढत होत्या. एकीच्या पायात चप्पल नव्हती. मला वाईट वाटलं आणि त्या वाईट वाटण्याचा लगेच राग झाला. माझं तसंच होतं. दुःख जास्त वेळ टिकत नाही, त्याचा राग होतो.

मुख्याध्यापक मला बांधापर्यंत घेऊन गेले. पाईपावर जागोजाग सायकलच्या ट्यूबच्या चिंध्या करकचून बांधलेल्या होत्या. मी मोजायला लागलो आणि चाळीसाला थांबलो. बांधापलीकडं एक वांग्याचा वाफा होता, हिरवागार. सगळं रान करपलेलं आणि वांगी तेवढी तुकतुकीत.

"कुणाची?" मी विचारलं.

"मारोतीची," मुख्याध्यापक म्हणाले. "आता तुम्हीच समजून घ्या."

मारोती तिथंच उभा होता. कमरेला विळा, हातात ट्यूबची चिंधी. म्हणाला, "शेठ, मी नाई कापला. आपोआप तडकून रायला. सकाळी एक जागा बांधतो, दुपारी दुसरी फुटते. झिरपलं तितलं पाणी वांग्यायले गेलं, खोटं कामून बोलू? पन कापला नाई."

"माझा पाईप आपोआप तडकत नसतो."

"तडकून रायला, शेठ."

"बारा-बारा वर्षं उन्हात पडलेले पाईप मी दाखवतो तुला! सहा महिन्यांत तडकायला ती काय बांगडी हाय?" मी ओरडलो. मघाच्या पोरी कळशा घेऊन थांबल्या आणि बघायला लागल्या. मला ते कळत होतं, तरी मी ओरडलो. "कमरेला विळा, बाजूला वांगी, आणि वर म्हणतो आपोआप!"

रुद्राणीताई हळूच म्हणाल्या, "अकरमभाई, मारोती तसा नाही हो."

"ताई, मी पंचवीस वर्षं प्लास्टिक बघून राहिलो."

मुख्याध्यापकांकडं कागद तयारच होता. झाडाखाली खुर्ची, टेबल, थंड पाणी, सगळी सोय. कागदावर लिहिलं होतं की पुरवठादाराच्या मते पाईप धारदार वस्तूनं कापलेला आहे. मी पाणी प्यायलो आणि सही केली. अकरम करीम, लातूर. खाली तारीखसुद्धा घातली.

मारोतीनं हातातली चिंधी घडी करून खिशात ठेवली आणि एका लहान पोरीच्या डोक्यावरची कळशी उचलून घेतली.

परत येताना मला हलकं वाटत होतं. हे मी लपवणार नाही. माझं नाव वाचलं, म्हणून मला हलकं वाटत होतं.

आठ दिवसांनी रईसा शेडमधून माझ्यापुढं येऊन उभी राहिली. तिच्या दोन हातांत काळ्या पाईपाचे दोन तुकडे होते. शेडच्या पश्चिमेच्या भिंतीवर खिळ्याला जुन्या मालाची राहिलेली वेटोळी टांगलेली असतात, दिवसभर उन्हात. तिला धुण्याच्या टाकीला हातभर पाईप हवा होता, म्हणून तिनं एक वेटोळं खाली ओढलं.

"अजी," ती म्हणाली, "मी कापला न्हाई. आपोआप तुटला."

शब्द मारोतीचेच होते आणि तिला ते ठाऊकही नव्हते. किनवटला काय झालं हे मी घरी फक्त एवढंच सांगितलं होतं, की चोर सापडला.

मी वेटोळं हातात घेतलं आणि वाकवलं. कडकन आवाज झाला. परत वाकवलं, परत कडकन. पापड मोडावा तसा माझा पाईप माझ्या हातात मोडत होता आणि काळी टरफलं सदऱ्यावर पडत होती. वेटोळ्याला बांधलेली चिठ्ठी बघितली. दिवाळीच्या आधीचा माल. किनवटचाच.

शेजारच्या खिळ्यावर त्याच्या आदल्या वर्षीचं वेटोळं होतं. त्याला पीळ दिला, गुडघ्याखाली घालून दाबलं, काही होईना. मशीन तेच, हात तेच, ऊन तेच. बदललं होतं काय, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. रईसा खाली बसून टरफलं वेचायला लागली. ती बोलली असती तर बरं झालं असतं.

मी तसाच अमरनाथच्या मेसवर गेलो. पंगत चालू होती. त्यानं लांबूनच हाक मारली, "ये रे, बैस, आज शेंगदाण्याची आमटी हाय."

"आमटी घाल चुलीत. ती पिशवी मातीत मिसळती म्हणालास, तू पुरून बघितली का?"

"बघितली म्हंजे? अंगणात बेलाच्या झाडाखाली पुरली की, मागच्या जूनमधी. पोरांसमोर पुरली."

"चल, उकर."

तो हसत हसत खुरपं घेऊन आला. वीतभर खाली गेल्यावर खुरप्याला काहीतरी अडकलं. त्यानं ओढलं. अख्खी पिशवी वर आली. माती झटकली तर पान तसंच हिरवं आणि निसर्गमित्र तसाच ठळक. दहा महिन्यांत एक अक्षर पुसलं नव्हतं. बेलाची एक मुळी तेवढी तिला वळसा घालून गेली होती. अमरनाथचं हसू गेलं.

"फोन लाव त्या टायवाल्याला," मी म्हणालो. "मोठ्या आवाजावर लाव."

एजंट गोड बोलत होता. मातीत ऊन नसतं ना सर, त्यामुळं वेळ लागतो. पिशवीत एक पावडर असते, ती ऊन आणि उष्णता मिळाली की प्लास्टिकचे तुकडे करते. मग त्या तुकड्यांचे तुकडे होतात. पुढं निसर्ग बघून घेतो.

"आणि ही पिशवी वितळवून पाईप केला तर?" मी मध्येच घुसलो.

"पाईप? असं कुणी करतं का सर?"

"मी केला. सहा महिन्यांत उन्हात भुगा झाला त्याचा."

तो खरोखर खूश होऊन म्हणाला, "म्हणजे बघा सर, आमचा माल अस्सल आहे! लोक उगाच शंका घेतात."

मी त्याला ज्या शिव्या दिल्या त्या इथं लिहिता येत नाहीत. पंगतीतली भावी डॉक्टर पोरं घास हातात धरून ऐकत बसली. मातीत पुरली तर पिशवी जशीच्या तशी राहते आणि जिथं टिकायचं तिथं पाईपाचा भुगा करते. असली चीज शोधून काढणाऱ्याला अक्कल किती असेल! कुठं मक्याच्या पिठाची खरी पिशवी निघत असेलही. निघू दे. पण ती माझ्या गोणीत आली तर मी ओळखू कशी? काडी लावून कळत नाही, नाकाला कळत नाही, आणि पानं तर सगळ्यांवर सारखीच.

अमरनाथ बेलाच्या कट्ट्यावर बसून होता, पिशवी हातात. "मला वाटलं, मी चांगलं करून राहिलो," तो म्हणाला. "धुऊन देत व्हतो रे तुला. एकेक धुऊन."

"तेच तर. घाण करून दिल्या असत्यास तर मी फेकल्या असत्या."

हे बोलल्यावर मला त्याची कीव आली आणि कीव आली म्हणून आणखी राग आला. मग मी त्याला किनवटचं सगळं सांगितलं. पोरी, कळशा, वांगी, विळा, सही. तो पूर्ण ऐकून घेऊन म्हणाला, "मी येतो तुझ्यासंगं. त्या मान्साला सांगतो की पिशव्या माझ्या व्हत्या."

"तू येऊन काय करणार? सही माझी हाय."

दुसऱ्या दिवशी मशीन बंद केलं. आठ महिन्यांचा दाणा पोत्यांत भरून पडला होता, चांगला आणि वाईट एकजीव झालेला. रईसा पोत्यात हात घालून बसली होती, डाळ निवडावी तसे दाणे बोटांनी बाजूला करत. सगळे काळे, सगळे सारखे. तिच्या नाकावर आमचं घर चाललं, आणि त्या दिवशी तिनं पदरानं नाक पुसलं आणि म्हणाली, "तुम्ही आधी त्या मान्साकडं जावा."

मी नांदेडहून कंपनीचा कोरा पाईप घेतला. स्वतःचा न्यायची हिंमत नव्हती. छोट्या टेम्पोत वेटोळी घातली आणि बरोबर एक कागद लिहून घेतला, की पाईप कुणीही कापलेला नाही, दोष माझ्या मालाचा होता, आधीची सही मी मागं घेतो.

रुद्राणीताई फाटकापाशीच भेटल्या. मी सगळं सांगितलं, त्यांनी ऐकलं आणि म्हणाल्या, "तुम्ही गेलात त्या सोमवारी मारोतीला काढलं. तुमच्या सहीवरच काढलं. त्याच्या जागी मुख्याध्यापकांच्या गावचा माणूस लागलासुद्धा."

मुख्याध्यापकांनी माझा नवा कागद वाचला. चष्मा काढला, पुसला. "उशीर झाला हो. तो कागद वर गेला. आता हा पाठवतो म्हणा, पण वरून काय येईल ते सांगता येत नाही." हा कागद ते पाठवणार नाहीत, हे त्यांच्या तोंडावर लिहिलेलं होतं. मागच्या वेळी त्यांनी कागद आधीच तयार ठेवला होता, हे मला तेव्हाच दिसायला हवं होतं. मला दिसलं होतं. मला तो कागद सोयीचा होता, म्हणून मी काही विचारलं नाही.

मी ओरडलो, टेबलावर हात आपटला. रुद्राणीताईंनी कागदाची एक प्रत स्वतःकडं ठेवली आणि म्हणाल्या, मी माझ्या सहीनं वर पाठवते, काय व्हायचं ते होऊ दे. त्या बाईची नोकरीसुद्धा माझ्यामुळं टांगणीला लागली.

मारोतीचं घर ओढ्यापलीकडं. अंगणात तो खाटेची सुंभं ताणत बसला होता. मी उभ्यानंच सगळं बोलून टाकलं, की पाईप माझाच खोटा होता, तू खरं बोलत होतास. त्याची बायको दारात येऊन ऐकत होती. तिच्या तोंडावर माझ्यासाठी काही नव्हतं, रागसुद्धा नाही.

मारोतीनं सुंभाची गाठ मारून पुरी केली. मग विचारलं, "पाईप आनला?"

"आणलाय. कंपनीचा हाय."

"तो नवा गडी ओढ्याकडून टाकील. तिकडं डुकरं उकरतेत. चला, वाट दाखवतो."

दिवसभर तो माझ्याबरोबर राबला. वेटोळी खांद्यावर घेतली, दगड बाजूला केले, प्रत्येक जोडाला दोनदा पीळ दिला. नवा कामाठी सावलीत बसून बघत होता. त्याच्यावर ओरडायला माझ्या तोंडाशी शब्द आले होते, पण मारोती ओरडत नव्हता, म्हणून मलाही ओरडता येईना. ऊन उतरायला लागलं तेव्हा शेवटचा जोड बसला. विहिरीवर मोटार सुरू झाली आणि थोड्या वेळानं टाकीत धार पडली. पोरी कळशा टाकून धावल्या. त्यांनी मारोतीला गराडा घातला, कुणी त्याचा हात ओढला, कुणी विचारलं, काका उद्यापासून येणार का. तो म्हणाला, "नाई गं, आता दुसरे काका हायेत."

पोरी गेल्यावर मी त्याच्याजवळ गेलो. "मारोती, मला माफ कर. तुझी रोजी मी खाल्ली."

तो हातावरची माती चोळत होता. वर न बघता म्हणाला, "एक इचारू का, शेठ?"

"विचार."

"त्या दिवशी तुम्ही पाईप हातात घेऊन पायला व्हता का?"

मी आठवून बघितलं. आठवायची गरज नव्हती. बांधावर उभा होतो, वांगी बघितली, विळा बघितला, मारोतीचे कपडे बघितले. टेबलापाशी गेलो, पाणी प्यायलो. पाईपापर्यंत वाकलोच नव्हतो. वाकलो असतो आणि नुसतं बोटानं दाबलं असतं, तरी तो तिथंच माझ्या हातात मोडला असता.

"न्हाई," मी म्हणालो.

"मंग सही कशाची केली?"

त्यानं उत्तराची वाट बघितली. मग विळा कमरेला खोचला आणि ओढा उतरून घरी गेला.